‘दार’ नावाचं कार्ड

सोलापूर,
१४ नोव्हेंबर २०२५

प्रिय वैजूअक्का,

पाकिटावर माझं अक्षर बघून दचकली असशील. इकडे सगळे सुखरूप आहेत. आईच्या डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं आणि आता तिला माझ्या दुकानाच्या काचेवरचा प्रत्येक डाग दिसतो. हे सगळं फोनवरही सांगता आलं असतं. पण मी वैरागचं नाव काढलं की तुझ्याकडे नेमकी कुकरची शिट्टी होते, नाहीतर दारावर कुणीतरी येतं. म्हणून कागदावर लिहितेय. मध्येच ठेवून देऊ नकोस, एवढंच मागणं आहे.

दुकानात मी वह्यापुस्तकांच्या जोडीला खेळायची कार्डं ठेवते, हे तुला माहीत आहे. ‘नवखंड’ नावाचा खेळ आहे, बंगळूरची एक कंपनी काढते. बंद पाकिटात आठ कार्डं असतात, कुठली निघतील ते फोडल्याशिवाय कळत नाही. प्रत्येकावर एक चित्र आणि खाली त्या कार्डाचा नियम. वर्षातून एकदोनदा नवा सेट येतो, मग जुन्या खेळात नवी माणसं आणि नवी भुतं येऊन मिसळतात. रविवारी मी वरच्या खोलीत टेबलं मांडून देते. कॉलेजची पोरं-पोरी येतात आणि सरवदे येतात. यशपाल सरवदे बँकेत अधिकारी आहेत, पन्नाशीला टेकलेत, पण नवा सेट आला की पहिलं पाकीट त्यांनीच फोडायचं असा आमच्याकडे रिवाजच पडलाय.

या दिवाळीच्या आधी आलेल्या सेटचं नाव होतं ‘कडीकोयंडा’. कंपनीनं पहिल्यांदाच मराठी नाव दिलं होतं, कार्डंही मराठीत छापली होती, म्हणून सरवदे खूश होते. काउंटरवरच पाकीट फोडून ते एकेक कार्ड वाचायला लागले. तिसरं कार्ड माझ्यापुढे धरून म्हणाले, “मॅडम, ही बघा काय भारी बाई काढलीय. ‘ओल्या पावलांची बाई’. हिला बस म्हटलं की ही तीन डाव हलत नाही.”

अक्का, मी खरडा पॅड मोजत होते, ते तसेच हातात राहिले.

तुला आठवत असणारच. पण तू आठवणार नाहीस, म्हणून लिहिते. मे महिन्याच्या सुट्टीत आपण वैरागला काकांकडे जायचो. बाजार समितीजवळ काकांचं आडत दुकान आणि त्याच्या पाठीला तीन खोल्यांचं घर. तू चौदाची, मी अकराची आणि काकांचा अभिमन्यू सतराचा. दुकानात गावभरच्या लग्नपत्रिका तारेला टोचलेल्या असायच्या. अभी त्या काढून एकसारख्या कापायचा आणि पाठच्या कोऱ्या बाजूवर चित्रं काढायचा. खेळ त्याचा, नियम त्याचे. आपण फक्त नावं सुचवायचो. ओल्या पावलांची बाई मी सुचवली होती. पत्रिकेवरचा कलश कागदातून पलीकडे दिसत होता, त्यावरूनच त्यानं बाईच्या हातातला कलश गिरवला. पण पत्रिका उलटी धरली होती, म्हणून बाईच्या हातात कलश उपडाच आला. आणि पदर रंगवताना तुझं लाल पेन संपलं, तेव्हा तू उरलेला काठ निळा केलास.

सरवद्यांच्या हातातल्या छापील कार्डावर कलश उपडा होता. काठ अर्धा लाल, अर्धा निळा.

दुकान बंद करून मी स्वतःच पाकिटं फोडत बसले. ‘सावली मोजणारा’ निघाला, ‘मुकी घंटा’ निघाली, तू नाव दिलेला ‘दिवा खाणारा किडा’ निघाला. सगळी आपलीच. कुठल्या वहीत, कुठल्या फोटोत ती कधी नव्हती. ती कार्डं आपल्या तिघांशिवाय कुणी पाहिलेली नव्हती, कारण काकांना दिसली असती तर त्यांनी चुलीत घातली असती. चित्रकाराचं नाव प्रत्येक कार्डाच्या तळाला बारीक अक्षरात छापतात. इथे नुसतं ‘अ. धों.’ होतं. अभिमन्यू धोंडीराम. आणि एका पाकिटात ‘दार’ निघालं.

त्या संध्याकाळबद्दल आपण दोघी चोवीस वर्षांत एक शब्द बोललो नाही. त्या दिवशी बारावीचा निकाल होता. अभी नापास झाला. काकांनी त्याला भर दुकानात, हमालांच्या देखत मारलं आणि परत या घराची पायरी चढू नको म्हणाले. तो दुपारी निघून गेला. आपल्याला त्याचं काही वाटलं नाही, कारण तो असा दोनतीनदा गेला होता आणि जेवायच्या वेळेला परत आला होता. दिवेलागणीला लाईट गेले. आपण दोघी बाहेरच्या खोलीत चिमणीच्या उजेडात डाव मांडून बसलो होतो आणि तू ‘दार’ टाकलंस. दार पडलं की आतल्यांनी कडी काढायची नाही. बाहेरच्यानं तीनदा थाप मारायची. चौथी मारली तर बाहेरचा हरला, मग त्याला आत घ्यायचं. कार्ड खाली टेकलं आणि खरोखरच दारावर थाप पडली. मग दुसरी. मग तिसरी. आपण तोंडावर हात धरून हसत होतो. अभी नेहमीसारखा खेळतोय, असंच आपल्याला वाटलं.

मग थाप पडली नाही. थोड्या वेळानं कडी काढली तर बाहेर कुणी नव्हतं.

त्यानंतरचं सगळं तुझ्यासमोरच झालं. पोलिसांत तक्रार, पेपरात फोटो, दोन विहिरींत उतरवलेली माणसं. सगळे समजत होते की तो दुपारच्या गाडीनं सोलापूरला गेला, म्हणून सगळा शोध सोलापूरकडेच झाला. संध्याकाळी सातला तो दारात उभा होता, हे त्याच क्षणी सांगितलं असतं तर काकांना तो वैरागच्या स्टँडवरच सापडला असता. तू मला मोरीत नेऊन म्हणालीस, अंके, कुणाला सांगायचं नाही. मी मान डोलावली. तू त्यानंतर वैरागला पाऊल ठेवलं नाहीस, काकांच्या मातीलासुद्धा आली नाहीस. लोकांनी तुला शिष्ट म्हटलं. मला कारण माहीत होतं, तरी मी कधी कुणाला अडवलं नाही.

मी कंपनीला मेल पाठवला, या चित्रकाराचा पत्ता हवाय म्हणून. आठ दिवसांनी एका बाईंचं उत्तर आलं. त्यांनी चित्रकाराला कधी पाहिलेलं नाही, आवाजही ऐकलेला नाही. दोन वर्षांपूर्वी पोस्टानं बेचाळीस चित्रं आली, लग्नपत्रिकांच्या पाठीवर काढलेली. पाकिटावर वैरागचा शिक्का. सोबत चिठ्ठी होती, की सेटचं नाव बदलू नये, नियमातला शब्द बदलू नये आणि छापून झाल्यावर एक पेटी खालच्या पत्त्यावर पाठवावी. खाली पत्ता होता सोजरबाईंचा. आपल्या काकूचा.

गेल्या गुरुवारी मी दुकान बंद ठेवून वैरागला गेले. आडत दुकान आता भाड्यानं दिलंय, काकू मागच्या खोल्यांत एकटीच राहते. चौऱ्याहत्तर वर्षांची आहे, पण अजून स्वतः भाकरी थापते. फडताळावर ती पेटी तशीच होती, टेपसुद्धा काढलेली नव्हती. काकू म्हणाली, “पोस्टातला ईश्वरप्पा दिऊन गेला. कुनाचं हाय ठावं न्हाय. मला कुटं वाचाया येतंय?” चित्रं तिनं पाठवली असतील ही माझी एक आशा होती, तीही तिथंच संपली.

मग मी सांगितलं. काकू, तो त्या संध्याकाळी परत आला होता. आम्ही दोघी आत होतो. आम्ही दार उघडलं नाही. हे सांगायला मला इतका वेळ लागला की चहावर साय धरली.

काकू रडली नाही. माझ्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, “मला ठावं हाय की गं. मी बी आतच व्हते, चुलीपाशी. मी बी आयकल्या तीन थापा. तुज्या काकानं बजावलं व्हतं, आला तर घरात घ्यायचा न्हाय. मी म्हनलं, आनी एकदा वाजीवलं की उठायचं, मग मालक मारू दे न्हायतर काय बी करू दे. हातातलं पीठ धुऊन बसले व्हते बघ. पर त्यानं वाजीवलंच न्हाय. आनी मी उठले न्हाय हे कुन्या तोंडानं सांगायचं, म्हनून मी बी गप ऱ्हायले.”

मला तिच्याकडे बघवेना. निघते म्हटलं तर तिनं माझा हात सोडला नाही. “थांब जरा,” म्हणाली, “दिवा लागू दे. येतंय की कुनीतरी. रोज न्हाय, पर येतंय.”

मला वाटलं, एकटी राहून हिच्या डोक्यावर परिणाम झालाय. पण थांबले. दार सताड उघडं होतं. चोवीस वर्षं ती झोपेपर्यंत दाराला कडी लावत नाही म्हणे. बाहेर उजेड होता, समोरच्या घरात टीव्ही चालू होता, पायरीवर एक पांढरं कुत्रं पडलं होतं. काकूनं देवापुढं दिवा लावला आणि माझ्या शेजारी येऊन बसली. ते कुत्रं एकदम उठलं. भुंकलं नाही. वर बघितलं आणि सरकून बाजूला झालं, येणाऱ्याला वाट दिल्यासारखं. मग उघड्या फळीवर थाप पडली. अक्का, ती फळी हललेली मी पाहिली. दुसरी थाप पडली. तिसरी पडली. दारात कुणी नव्हतं. समोरच्या घरातल्या बातम्या स्पष्ट ऐकू येत होत्या.

“आता थांबतंय बघ,” काकू पुटपुटली. “मी ये म्हनते, बाळा म्हनते. दार उगडं असूनशान आत येत न्हाय. कशाची वाट बघतंय कुनास ठावं.”

चौथी पडली नाही. मग कुत्रं पुन्हा जागेवर येऊन पडलं आणि काकू भाकरीचं पीठ घ्यायला उठली, रोजचं काम संपल्यासारखी. अभी जिवंत आहे का, चित्रं कुणी पाठवली, हे मला अजूनही माहीत नाही. शेवटच्या गाडीनं परत आले. त्या दिवसापासून दुकानात कुणी काउंटरवर बोटं वाजवली तरी मी मोजायला लागते.

आता जे तुला सांगायचं आहे ते. बाकीची चित्रं आपली जुनीच आहेत, पण ‘दार’ कार्डावरचं चित्र नवं आहे, बाहेरून काढलेलं. निळं दार, खाली पत्र्याचं ठिगळ, आणि फळीखालच्या फटीतून चिमणीचा उजेड. त्या उजेडात आत उभ्या असलेल्या माणसाची दोन पावलं दिसतात. दोनच पावलं, पैंजण घातलेली. आपण दोघी होतो ना? पण तिसऱ्या थापेनंतर काकूनं हातावर पाणी घालायला हाक मारली आणि तू आत गेलीस. मी एकटीच दाराला कान लावून उभी होते. तेव्हा चौथी थाप झाली, अक्का. अगदी हलकी, नखानं वाजवल्यासारखी. लाकडाला कान होता म्हणून मला ऐकू आली, तुम्हा दोघींना येणं शक्यच नव्हतं. तो हरला होता, आत घे म्हणत होता. सकाळी त्यानं माझं एक कार्ड चांगलं नाही म्हणून फाडलं होतं, त्याचा राग माझ्या मनात होता. थोडा वेळ राहू दे उभा, असं मला वाटलं. मी मनात पन्नासपर्यंत मोजलं आणि मग कडी काढली. तू परत आल्यावर मी तुला तीनच थापा सांगितल्या. दार तू टाकलंस म्हणून तो गेला, हे तू आजवर स्वतःच्या डोक्यावर घेऊन फिरलीस, आणि मी तुला फिरू दिलं. काकूसुद्धा चौथी थाप न झाल्याचं दुःख करत बसली आहे, आणि ती तर झाली होती. काकूला मी अजून हे सांगितलेलं नाही. येत्या गुरुवारी सांगणार आहे, दिवा लावायच्या आधी. आणि नंतर थापा पडल्या तर दारात जाऊन त्यालाही सांगणार आहे, की चौथी मला ऐकू आली होती. मला एकटीला हे जमेल असं वाटत नाही. त्या वेळी तू माझ्याजवळ असावीस, म्हणून हे पत्र लिहिलं. हे वाचून माझं तोंडही बघू नये असं वाटलं, तर तेही मला समजेल. पण त्या घरी मात्र ये. तिथं तुझ्याकडून काही चुकलेलं नाही.

तुझीच,
अंकी