सैल गाठ

धाकट्या,

‘प्रिय’ लिहायला हात धजत नाही. नऊ वर्षांनी युद्धकथेची पोथी पाठवलीस, तीही समासात शेरा मारून: “दादा, हे रणांगण आपल्या आतच आहे. शत्रूही आपणच.” डोक्यात तिडीक गेली. शिडीचा दोर तू बांधलास, भिंत रंगवताना बाबा शिडीवरून पडले, कायमचे अंथरुणाला खिळले, आणि आता शहाणपण तू मला शिकवणार?

तुझेच शब्द तुझ्या तोंडावर फेकायचे म्हणून पोथी वाचायला बसलो. प्रत्येक शत्रूच्या जागी तुला ठेवत गेलो. चौथ्या दिवशी पोथीत एक जण आला, जो सगळं दिसत असून नुसता उभा राहतो. त्याच्या जागी तू काही केल्या बसेनास.

गाठ सैल होती, ते मी सकाळीच पाहिलं होतं. पण एका ब्रशावरून आपला अबोला चालू होता. म्हटलं, दिसू दे बाबांना लाडक्याचं काम. तुला घराबाहेर काढताना मात्र माझा आवाज चांगला खणखणीत होता.

हे पत्र मी टाकणार नाही. तू लगेच माफ करशील, तुझी खोड ठाऊक आहे मला. तेवढं सुख तुला मिळू देणार नाही.

थोरला