दर्यासमोर पुकारलेला वाटा

सांडोर, वसई
मार्च १९५३

प्रिय सत्यवती,

तुझी मनीऑर्डर मी परत केली. पोस्टमनने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की जणू म्हातारीचं डोकं फिरलं आहे. त्याला मी सांगितलं, डोकं जागेवर आहे, तू तुझी सायकल उन्हातून काढ. कुपनावर तू लिहिलं होतंस, ‘टीचर, शाळेच्या छपरासाठी माझ्याकडून एवढं.’ अगं, छप्पर केव्हाच झालं. मंगलोरी कौलं आहेत, लाल चकचकीत. खाली बसायला मुलं कोणती, हा प्रश्न निराळा. मागच्या पत्रात मी तुला नुसतं ‘परत ये’ असं लिहिलं आणि कारण दिलं नाही. कारणाशिवाय उत्तर लिहिलं म्हणून मी तुम्हा सगळ्यांना आयुष्यभर शून्य देत आले. तेव्हा तू नम्रपणे नाही म्हणालीस, ते ठीकच केलंस. म्युनिसिपालिटीच्या शाळेतली कायमची नोकरी, पुढे पेन्शन, दादरची खोली, हे सगळं एका निवृत्त मास्तरणीच्या एका ओळीसाठी कोण सोडेल? आता कारण लिहिते. लांब उतारे वाचायचा तुला लहानपणापासून कंटाळा, तरी हे शेवटपर्यंत वाच.

आपली शाळा कशावर चालली हे तुला ठाऊक आहे, पण हल्ली इथे कोणालाच ते आठवत नाही, म्हणून मला स्वतःलाच पुन्हा सांगावं लागतं. सरकारने ती काढली नाही, मिशननेही नाही. सांडोरच्या वाडीवाल्यांनी काढली. प्रत्येक वाडीत केळीचं एक बेट शाळेच्या नावाने राखलेलं असे. त्यातल्या केळ्यांचे लोंगर बाजारात गेले की मास्तरांचा पगार होई. पगार कसला, कृपाच ती. पण होई. मग लढाईचे दिवस आले, रेशन आलं, आणि एका सकाळी फळ्यावर भागाकार करता करता तू खडूसकट खाली कोसळलीस. मला वाटलं ताप आहे. तुला उचलून बसवलं, तर तू हळूच म्हणालीस, ‘काल चूल पेटली न्हाय, टीचर.’ त्या दुपारी मी घरून तांदूळ आणला आणि शाळेच्या मागे तीन दगडांवर पेज शिजवली. तुझ्या एकटीसाठी शिजवली तर तू लाजशील म्हणून सगळ्यांसाठी शिजवली. ती हंडी तेव्हापासून रोज चढते आहे.

पण हंडीत नुसता तांदूळ किती दिवस पुरणार? त्या वर्षी नारळी पौर्णिमेला तुमच्या कोळीवाड्यात, पाचूबंदरावर होड्या पाण्यात लोटल्या तेव्हा मी मुद्दाम आले होते. तुझे बाबा होडीच्या नाळेजवळ उभे होते. मोसमातल्या मासळीचे वाटे पुकारत होते. एक वाटा होडीचा, एक जाळ्याचा, खलाशांचे ज्याचे त्याचे. आणि मग माझ्याकडे न बघताच म्हणाले, ‘आनी एक वाटा शाळेचा.’ कोणी हसलं नाही. मग दुसऱ्या होडीवरूनही तेच पुकारलं गेलं, मग तिसऱ्या. कॉन्व्हेंटात मदरने आम्हाला इतकी स्तोत्रं पाठ करायला लावली होती, पण अंगावर काटा आला तो त्या चार शब्दांनी. तेव्हापासून पाऊस लागून होड्या वर ओढेपर्यंत रोज सकाळी शाळेच्या पायरीवर मासळीची पाटी येते. मांदेली, जवळा, कधी सुके बोंबील. थोडं हंडीत पडतं, उरलेलं बायका बाजारात विकतात आणि त्यातून पाट्या-पुस्तकं येतात. या मदतीचा कधी समारंभ झाला नाही, कोणाच्या नावाची फरशी लागली नाही. मोफत आलेली गोष्ट दिसत नाही, हा आपल्या गावाचा डोळ्यांचा आजार आहे.

दोन वर्षांपूर्वी केळीवर रोग पडला. वाडीवाल्यांचेच वांधे, तर शाळेच्या बेटाकडे कोण बघतो? लॉरेन्स मास्तर रेल्वेत कारकून होऊन गेले. मी त्यांना दोष देत नाही, त्यांच्या घरी पाच तोंडं. दुसरी मास्तरीण लुसी राहिली, पण तिचं लग्न ठरलं आहे आणि सासर नाशिकला. म्हणून मी निवृत्त झालेली बाई पुन्हा खडू घेऊन उभी राहिले, बिनपगारी. डोळ्याने फळ्यावरचं अर्धं दिसत नाही. पोरं माझ्या तोंडावर चुकीचं उत्तर लिहितात आणि बरोबर म्हणून वाचून दाखवतात. मला कळतं. मी त्यांच्या आवाजावरून पकडते.

अशात व्हिक्टर पुढे आला. तुझ्या कितीतरी वर्षं आधी माझ्या वर्गात होता तो. दर सोमवारी गृहपाठ विसरायचा. लढाईत लष्कराला भाजी पुरवून त्याने जे कमावलं त्यातून आता त्याला पुण्य हवं आहे. छप्पर देतो, दोन मास्तरांचे पगार देतो, अध्यक्ष मला करा, म्हणाला. मी स्वतः त्याच्यासाठी हात वर केला, सत्या. वाटलं, आपल्याच हातचा मुलगा आहे. नाताळाच्या सुटीनंतर शाळा उघडली, कौलांना हार घातले, फादरांनी आशीर्वाद दिला. पाचूबंदरची मुलं डोक्याला तेल चोपडून, धुतलेले कपडे घालून आली, तर फाटकात व्हिक्टरचा माणूस उभा. म्हणे, तुमची शाळा आता बंदरावरच होणार आहे, तोवर घरी बसा. बंदरावर त्या शाळेचा एक खांबसुद्धा अजून रोवलेला नाही. मी बाहेर धावले, सगळ्यांना ओढून आत बसवलं. दुसऱ्या दिवशी सांडोरच्या निम्म्या आयांनी आपली मुलं घरी ठेवली. का? तर वास येतो. शाळेच्या सभेत मी उभी राहून विचारलं की बाबा व्हिक्टर, तुला पापलेट चालतो, पापलेट धरणाऱ्याचं मूल का चालत नाही? तर दिनानाथ वाडीवाले मला म्हणाले, ‘बाई, तुम्ही निवृत्त आहात. इथे हौसेने येता, तसं हौसेनेच बोला.’ एरवी घंटा कोणाची मोठी, चर्चची की देवळाची, यावरून भांडणारे व्हिक्टर आणि दिनानाथ या एका गोष्टीत मात्र एकाच बाकावर बसले. सभेने बाप्तिस्मा झालेली कोळ्यांची मुलंसुद्धा बाहेर काढली. देवाची लेकरं सगळी सारखी, हे मी त्याच बाकावर त्यांना शिकवलं होतं. परीक्षेत चांगले मार्कही दिले होते.

मी फादरांकडे गेले. ते म्हणाले, धीर धर, फिलोमिना. मी म्हटलं, फादर, धीर धरायला मुलांकडे वय कुठे आहे? मी मामलेदार कचेरीत गेले. तिथल्या साहेबांनी मला बसायला खुर्ची दिली, चहा दिला, आणि शाळा खाजगी आहे म्हणून सांगितलं. रोज दुपारी मी पाचूबंदरला चालत जाऊन, वाळत घातलेल्या शिडाच्या सावलीत मुलांना शिकवू लागले. पहिल्या आठवड्यात सगळी आली. मग फळा नाही, घंटा नाही, हजेरी नाही, तर ही शाळा कसली, असं त्यांच्याच बापांनी म्हटलं, आणि खरंच ती शाळा नव्हती. म्हातारी बाई आणि वाळू, एवढंच होतं. एकेक मुलगा होडीवर गेला, एकेक मुलगी मासळी वाळवायला बसली. शेवटी एकटी हंसा राहिली, तुझ्या भावाची.

हंसाचं तुला सांगायचं नव्हतं, पण सांगते. पहिल्या दिवशी, मी मुलांना आत घेतलं तेव्हा ती माझ्या नजरेतून सुटली. फाटकाबाहेर भेंडीच्या डेरेदार झाडाखाली पाटी छातीशी धरून ती दुपारपर्यंत उभी होती. पेजेच्या वेळी मला दिसली. मी विचारलं, अगं, आत का नाही आलीस? तर म्हणाली, ‘मी काय केलं ते मला आठवत न्हाय, पन शिक्षा संपली की तुमी बोलवाल म्हनून उभी होते.’ मी वर्गात हजारदा ‘बाहेर उभी राहा’ म्हटलं असेल. आता तो शब्द माझ्या तोंडून निघत नाही. गेल्या आठवड्यापासून तीही येत नाही. जवळा वाळत घालते. मी हाक मारली तर हात वर करून हसते आणि पुन्हा खाली वाकते.

आणि मासळीची पाटी? ती येतेच आहे. तुझी आई आणते. मुलं बाहेर काढल्याच्या दुसऱ्या सकाळी मी पायरीवर आले तर आनंदीबाई पाटी उतरवत होत्या. मी ओरडले, घेऊन जा ती परत, या लोकांच्या घशात कशाला घालता? त्यांनी पदराने हात पुसले आणि म्हणाल्या, ‘दर्यासमोर पुकारलेला वाटा हाय, टीचर. होड्या वर येईस्तोवर शाळेचाच. आमी काय तोंड घेऊन माघारी न्यायचा?’ तेव्हापासून रोज त्या येतात, फाटकाच्या आत येत नाहीत, पाटी बाहेरच्या पायरीवर ठेवतात आणि जातात. वाडीवाल्यांची मुलं पेजेबरोबर ती मासळी खातात. उपवासकाळ चालू आहे, शुक्रवारी मांस वर्ज्य, म्हणून व्हिक्टरच्या घरूनही एकदा मासळी मागायला ताट आलं होतं, शाळेतली मांदेली ताजी असतात म्हणे. ते ताट मी रिकामं परत पाठवलं, आणि निरोप दिला की वास फार येतो, तुम्हाला सोसणार नाही.

होड्या जूनच्या आधी वर येतील. नारळी पौर्णिमेला वाटे पुन्हा पुकारले जातील. तेव्हा शाळेचं नाव कोणी घेणार नाही, आणि घेऊही नये. मला भीती आहे ती तेवढीच. हंडी बंद पडेल याची नव्हे. एकदा त्यांनी पुकारायचं थांबवलं की या शाळेशी त्यांचं नातं संपलं, आणि हंसा म्हातारी होईपर्यंत जवळाच वाळवत राहील.

आता मी हे का लिहिलं ते सांगते. दोन-चार दिवसांत तुला व्हिक्टरचं पत्र येईल. चांगल्या कागदावर, टाइप केलेलं. त्यात तुला मुख्याध्यापिकेची जागा देऊ केली आहे, म्युनिसिपालिटीपेक्षा जास्त पगारावर, राहायला खोली धरून. मसुदा त्याने माझ्याकडेच आणला, टीचर, भाषा तपासा म्हणून. ‘आपल्या गावची कन्या’ असं दोनदा लिहिलं आहे. जूनमध्ये इन्स्पेक्टर येणार आहे, शाळेला सरकारी अनुदान हवं, आणि त्यासाठी ट्रेनिंग झालेली मुख्याध्यापिका लागते. मी चाळीस वर्षं शिकवलं, पण माझं ट्रेनिंग नाही, म्हणून कागदावर मी कोणीच नव्हे. नव्या घटनेप्रमाणे अनुदान घेणाऱ्या शाळेला जातीवरून मूल नाकारता येत नाही, हेही व्हिक्टरला पक्कं ठाऊक आहे. म्हणून तर तू हवी आहेस. मला तो हसून म्हणाला, ‘कोळ्यांचीच मुलगी खुर्चीवर बसलेली दिसली की इन्स्पेक्टर काय विचारणार? मुलं येत नाहीत, त्याला आम्ही काय करणार?’ तुझ्या आईला हे सगळं माहीत आहे. पंधरा दिवसांपूर्वी तिने मला देवाची शपथ घातली, तुमच्या देवाची आणि माझ्याही, की पोरीला काही सांगू नका. तिला एवढंच दिसतं की लेक घरी येईल, मोठ्या खुर्चीवर बसेल. हंसाचं आम्ही बघू, म्हणाली. मी शपथ घेतली आणि आज मोडली. मागच्या पत्रात कारण नव्हतं ते त्या शपथेमुळे. तेव्हा सत्या, ते पत्र आलं की त्याला हो लिहू नकोस आणि नाहीही लिहू नकोस. लिही की येते, पण पहिल्या दिवशी पाचूबंदरची सगळी मुलं घेऊन पुढच्या फाटकाने आत येईन, आणि हे मान्य असल्याचं मला सभेच्या सहीने कळवा. तुझ्याशिवाय त्यांचं अडलं आहे, आणि इतक्या वर्षांत आपल्यापैकी कोणावाचून त्यांचं पहिल्यांदाच अडलं आहे. ते मान्य करतील की नाही, मला ठाऊक नाही. तुझी कायमची नोकरी मी तुला सोडायला सांगते आहे, आणि बदल्यात द्यायला माझ्याकडे अर्धा दिसणारा फळा आहे. आईवर रागावू नकोस, रागवायचं तर माझ्यावर. आज सकाळीही पाटी आली. मी आनंदीबाईंना आत बोलावलं, त्या आल्या नाहीत. पायरीवर ओला डाग अजून वाळलेला नाही, त्याच्या शेजारी बसून हे लिहिते आहे.

तुझीच, आणि तुझी वाट बघणारी,
फिलोमिना टीचर