दार उघडलं की दिवे जातात

३ ऑक्टोबर, सोमवार
आजपासून रोजनिशी. निश्चय: पहाटे उठणे, रोज लिहिणे, व्हायोलिन शिकणे. (व्हायोलिन मिळालं की.)
नवीन काम लागलं. वर पडद्यावर सिनेमा, खाली सत्तर माणसांचा ऑर्केस्ट्रा. सिनेमातलं म्युझिक काढून टाकलंय, ते हे लोक समोर बसून वाजवणार. हॉलमध्ये काळोख, म्हणून प्रत्येकाच्या स्टँडला चिमट्याचा एक छोटा दिवा. तो गेला की कागदावरचं काही दिसत नाही, वाजवणं बंद. ते सगळे दिवे माझ्याकडे. आईला फोनवर सांगितलं, लाइट डिपार्टमेंट मी बघतो. खोटं काय त्यात?
शनिवारी शो. नीट झाला तर मॅनेजरबाई पर्मनंट करणार. नाहीतर परत घरी, दाजींच्या पंक्चरच्या दुकानात. दाजी 'या साहेब' म्हणतील आणि हातात पंप देतील. त्यापेक्षा मेलेलं बरं.

४ ऑक्टोबर, मंगळवार
मॅनेजरबाईंनी नव्या सेलचे खोके दिले. म्हणाल्या, दिव्यांतले जुने काढून फेक आणि रोज नवे घाल. काय ही उधळपट्टी! सेल उन्हात ठेवले की पुन्हा जोर धरतात, हे आमच्याकडे शेंबडं पोरही सांगेल. जुने सगळे खोलीच्या खिडकीत मांडले. खोलीत माझ्यासोबत राहणारा सुतार म्हणाला, पाणी पण घाल, उगवतील. त्याला दूरचं दिसत नाही.
मला दिसतं. शो झाला की खोके न फोडता बाईंच्या टेबलावर ठेवायचे. बाई तोंडात बोट घालतील. पर्मनंट काय, हेडच करतील.

५ ऑक्टोबर, बुधवार
पहिली रिहर्सल. सिनेमा भीतीचा आहे म्हणतात. मोठं घर, एकटी बाई, लांबलचक जिना, वर एक बंद दार. कितीतरी वेळ काहीच होत नाही. मला तर हसू आलं.
मग ते दार हळूहळू उघडलं आणि म्हातारबांचा दिवा गेला.
म्हातारबा म्हणजे माणसाएवढं वाद्य उभ्याने वाजवतात ते. म्हणाले, इतकी वर्षं वाजवतोय, असं कधी झालं नाही. मी सेल काढला, दातांनी चावला, परत घातला. लागला! म्हणजे दिवा चांगला, सेल चांगला. मग गेला कशाने?
हसू आलं होतं ते खोडायला हवं.

६ ऑक्टोबर, गुरुवार
आज आठ गेले. त्याच जागी. दार उघडलं की फुस्स.
हा सिनेमा बरा नाही. म्हातारबांच्या कानावर घातलं. त्यांनी बासरीवाल्या बाईंना सांगितलं, आणि जेवणाच्या सुट्टीपर्यंत सगळ्या ऑर्केस्ट्राला कळलं. दुपारी कोणीच वर बघेना.
काडीवाले साहेब (हे काडी हलवतात, बाकीचे वाजवतात) माझ्याजवळ आले. म्हणाले, सेल नवे आहेत ना रे? म्हटलं, साहेब, आजच ताजे घातलेत. उन्हातून काढलेले ते ताजेच.
ताईला फोन. जिना, बाई, दार, सगळं सांगितलं. ती म्हणाली, गधड्या, सेल बदल. तिने जन्मात ऑर्केस्ट्रा बघितला नाही, तिच्याशी काय बोलणार. आईला मात्र सांगितलं, जिन्यातला दिवा चालू ठेवत जा.

७ ऑक्टोबर, शुक्रवार
ऊन नाही. आभाळ सकाळपासून काळंठिक्कर. सेल गारठले. हीटरवर ठेवले, सुतार खोली सोडून बाहेर जाऊन बसला.
दुपारी रिकाम्या हॉलमध्ये एका खुर्चीची दुमडलेली बैठक आपोआप खाली आली. कोणी बसल्यासारखी. मी काही न बघितल्यासारखं केलं.
बाईंनी विचारलं, हे वाजवणारे का घाबरलेत? सगळं सांगून टाकलं. आधी हसल्या. मग वर पडद्याकडे बघितलं आणि हसायच्या थांबल्या.
निश्चय: उद्या दाराच्या वेळी डोळे मिटायचे. पहाटे उठणे सोमवारपासून.

८ ऑक्टोबर, शनिवार
शो झाला.
हॉल भरलेला. मी पडद्याच्या कडेला, डोळे गच्च. पडद्यावरची बाई जिना चढायला लागली तशी वाजवणारी माणसं कमी होत गेली. आधी बासरी. मग व्हायोलिनं, एकेक करून, घरातून माणसं उठून जावीत तशी. डोळे उघडले. एकही दिवा नाही. साहेबांची काडी काळोखात हलतेय, आणि वर ते दार उघडतंय, आवाज न करता. हजार माणसांत कोणी खोकलंसुद्धा नाही.
तेवढ्यात म्हातारबांनी अंधारातच एक जाडा सूर ओढला. एकच. मागून कोणीतरी किंचाळलं.
नंतर मी दिवे हलवले, आपटले, निम्मे लागले, तेवढ्यावर सिनेमा पुरा केला. आणि लोक उभे राहून टाळ्या! बाहेर पडताना म्हणत होते, ती शांतता! अशी भीती जन्मात वाटली नाही. मी एका कोपऱ्यात जाऊन रडलो. आता पर्मनंट नक्की.

१० ऑक्टोबर, सोमवार
बाई खूश. साहेब म्हणे ती शांतता पुढच्या शोलाही ठेवणार. इलेक्ट्रिशियनने हॉलचं सगळं वायरिंग तपासलं, त्याला काही सापडलं नाही. बाई म्हणाल्या, तू आधीच सांगितलं होतंस, आम्हीच ऐकलं नाही. तुला सोडणार नाही.
म्हटलं, हीच वेळ. खोके आणून टेबलावर ठेवले. म्हटलं, बाई, एकसुद्धा फोडला नाही. खिडकी, ऊन, हीटर, सगळं समजावून सांगितलं.
बाई खोक्यांकडे बघत राहिल्या. मग साहेबांना बोलावलं. तेही बघत राहिले.
तोंडात बोट कोणीच घातलं नाही.

११ ऑक्टोबर, मंगळवार
बॅग भरली. उद्या सकाळची गाडी. दाजींचा फोन आला: या साहेब, पंपाला तेल देऊन ठेवलंय.
निघताना म्हातारबांनी त्यांचा दिवा हातात दिला. नवे सेल त्यांनी स्वतःच्या हाताने घातले. पाठीवर थोपटलं.
संध्याकाळपासून चालू ठेवलाय, त्याच्याच उजेडात लिहितोय. जरासुद्धा मंद झाला नाही. ताई लगेच म्हणेल, बघ, सेल! तिला काय कळतंय. खोलीत सिनेमा चालू नाही, मग दिवा जाईलच कसा?
तरी दाराला कडी घातलीय.