भिंतीपलीकडची ओळ

ता. २१ जून १९१६, कोल्हापूर
कॉलेज उघडलं. फारसीच्या वर्गात यंदा मी एकटाच. मुन्शीजींना त्याचं काही नाही, वर्ग भरलेला असल्यासारखे खणखणीत शिकवतात. रीत तीच: शेराची पहिली ओळ ते म्हणणार आणि थांबणार, दुसरी मी म्हणायची. भिंतीपलीकडे शास्त्रीबुवांचा संस्कृतचा वर्ग. तिकडे सगळे एका सुरात श्लोक म्हणू लागले की जीव तिकडेच ओढ घेतो. आज माझी ओळ राहिली. मुन्शीजी म्हणाले, "कान हितं ठेव की, मियाँ."

ता. २४
विषय बदलायचा तर महिनाअखेरीपर्यंत नाव द्यायचं. वडगावात लहानपणी मास्तरांच्या ओट्यावर बसून संस्कृतची शब्दरूपं पाठ केली, तेव्हापासूनचं हे वेड. मुसलमानाच्या पोरानं फारसीच घ्यायची हे ठरवलं कुणी? अब्बांनी नाही. कुणीच नाही, आणि सगळ्यांनी. खोलीतला दत्तू बिद्री गावचा. म्हणतो, "घे की मग संस्कृत. इचारतोस कुणाला?" त्याला सगळंच सोपं.

ता. २६
ऑफिसात चौकशी केली. कारकून म्हणाले, "तुम्ही गेलात तर फारसीचा वर्ग बंद. मग मुन्शीजींना कशाला ठेवतील?" हे माझ्या टाळक्यात आलंच नव्हतं. सल्ला विचारावा असा माणूस एकच, आणि नेमकं त्यांनाच विचारायची सोय नाही.

ता. २७
तरी गेलो. मंगळवार पेठेत, मुन्शीजींच्या घरी. आधी जेवायला बसवलं. मग मी कसंबसं सांगितलं. ते म्हणाले, "आरं, मला कशाला इचारतोस? मी माझ्याच बाजूनं बोलणार की." मग, "खरंच येतंय व्हय तुला? म्हण बघू कायतरी."
एक संस्कृत श्लोक म्हटला. डोळे मिटून ऐकत राहिले. "आवाज चांगला लागतोय." एवढंच. नेहमी कोपऱ्यापर्यंत पोचवायला येतात. आज उठले नाहीत.

ता. २९
शास्त्रीबुवांनी बोलावलं. परीक्षा घेणार म्हणून वाटेत रूपं घोकत गेलो. त्यांनी काही विचारलंच नाही.
"काल मुन्शीजी घरी आले होते. इतकी वर्षं शेजारी शिकवतो आम्ही, कधी पायरी चढले नव्हते. म्हणाले, पोरगं माझं हाय, पर मन तुमच्याकडं हाय. पदरात घ्या." मग चष्मा पुसत बसले. "सोमवारपासून या."
आनंद व्हायला हवा होता. झालाही. बाहेर येऊन रडलो, तेही खरं. नाव दिलं.

ता. ३ जुलै
संस्कृतचा पहिला तास. दुसऱ्या बाकावर जागा मिळाली. त्या सुरात माझाही सूर! किती दिवस हेच मागत होतो.
फारसीचं काय करायचं त्याचा हुकूम दरबाराकडून अजून यायचाय. तोवर मुन्शीजी रोजे धरून येतात नि रिकाम्या वर्गात बसतात. व्हरांड्यात सलाम केला.
"पाठ केलंस का?"
"कुठलं, जी?"
"शास्त्रीबुवांचं रं. नाव घालवू नगंस माझं."
शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

ता. ७
दरबाराकडून काही नाही.
आज श्लोक संपून वर्ग शांत झाला, तेवढ्यात भिंतीपलीकडून मुन्शीजींचा आवाज. मी अर्ध्यात सोडून आलो त्या शेराची पहिली ओळ. म्हणाले आणि थांबले. माझ्यासाठी थांबायचे, अगदी तसे. दुसरी ओळ माझ्या ओठांवर आली. शास्त्रीबुवांनीही ऐकलं असावं. पुस्तक खाली ठेवलं, माझ्याकडे पाहिलं. पलीकडे खूप वेळ काहीच नाही.
मी ती ओळ म्हटली नाही. वर्गात कशी म्हणणार? मुन्शीजी हवेत, हेही हवंय. दोन्ही.
उद्या पुन्हा तोच तास. ते पुन्हा थांबतील.