वजा न केलेली भरती

अण्णा, मला तुमचा राग येतो. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, हे पत्र तुमच्यापर्यंत पोचणार नाही, म्हणूनच एवढं थेट लिहिते आहे.

ऐंशीच्या दशकात मनोरीच्या खाडीतला गाळ काढायचं काम चाललं होतं आणि तुम्ही खात्याचे मोजणीदार होतात. होडीतून खुणांचा बांबू तळाला टेकवून पाणी मोजायचं, आकडे डायरीत टिपायचे. रविवारी कांदिवलीच्या आपल्या स्वयंपाकघरात मी ते चांगल्या अक्षरात उतरवते आहे, तुम्ही कांदे चिरता आहात. प्रत्येक आकड्यातून त्या वेळची भरती वजा करायची. तेव्हा कळायचं, ओहोटीला होडीखाली किती पाणी उरेल. कंत्राटदार काढलेला गाळ खाडीच्या तोंडाशीच ओतायचा आणि भरती तो परत आत आणायची. तुम्ही साहेबाला सांगितलंत, तर तो म्हणाला, "तुम्ही मोजा हो, अक्कल शिकवू नका." मग शेवटच्या मोजणीचा कागद गेला. त्यात पाणी भरपूर दिसत होतं. साहेबाने डोळे मिटून सही ठोकली आणि कंत्राटदार यंत्रं घेऊन पसार झाला.

महिन्याभरात मनोरीचा तांडेल आपल्या दारात. "अण्णा, होडी भरतीसाठी बाहेरच थांबते, मासळीची वाट लागते. तुमच्या कागदावर पाणी हाय ना, मग खाडीत का नाय?" तुम्ही डायरी काढलीत, कागदाची घरातली प्रत शेजारी ठेवलीत, एक पान उलटलंत आणि म्हणालात, "चूक माझी आहे रे." खात्यालाही तुम्ही तेच सांगितलंत आणि त्यांनी तेच धरलं. साहेबाला बढती, कंत्राटदाराला नवं काम आणि तीस वर्षं समुद्र मोजलेल्या माणसाला गोदामात दोरखंड मोजायला बसवलं. निर्लज्ज लेकाचे.

पण शेवटच्या मोजणीचा कागद उतरवायचा होता, त्या रविवारी मला मैत्रिणीच्या साखरपुड्याला जायची घाई होती. शेवटचं पान मी डायरीतून जसंच्या तसं उतरवलं, भरती वजा केलीच नाही. तुम्ही माझ्या भरवशावर न तपासता सही केलीत. तांडेल गेल्यावर तुम्ही फक्त म्हणालात, "जेवायला वाढ." ओरडायला हवं होतं तुम्ही. तुम्ही ओरडला असतात तर मी जाऊन खरं सांगितलं असतं, असं मी स्वतःला आजवर समजावत आले.

काल मनोरीला गेले होते. धक्क्यावर तांडेलाची सून भेटली. तिने निरखून पाहिलं आणि विचारलं, "ज्यांनी मोजणी चुकवली, त्या अण्णांची मुलगी ना तुम्ही?"

मी हो म्हणाले आणि परतीच्या बोटीत चढले.