राणी अमानिरेनास यांच्या दुसऱ्या डोळ्याबाबत

प्रति,
मा. संचालक,
शालेय वाचन व पुस्तक मंजुरी कार्यालय,
नाईल पूर्वकाठ विभाग.

विषय: ‘कंदाका अमानिरेनास’ या सचित्र बालचरित्रात राणीस दुसरा डोळा रंगवण्याचा आदेश रद्द करणे, व त्यापायी शाळेबाहेर काढलेल्या विद्यार्थिनीस वर्गात बसू देणेबाबत.

संदर्भ: १) आपल्या चित्रपरीक्षण समितीचे पत्र. २) निरीक्षक श्री. मुआविया यांचा तोंडी निरोप.

महोदय,

मी हिल्लत अल-सुंत येथील मुलींच्या शाळेत चित्रकला शिकवते. उपरोक्त पुस्तकाचा मजकूर व चित्रे माझी आहेत. हा अर्ज मी आठवीच्या वर्गात बसून घाईने लिहीत आहे. अक्षराबद्दल राग नसावा.

दोन हजार वर्षांपूर्वी नाईलकाठी राज्य करणारी आपली कंदाका, म्हणजे राणी, अमानिरेनास एका डोळ्याने अधू होती आणि तिने रोमन फौजेशी झुंज दिली, हे त्या काळच्या, रोमनांच्या बाजूच्या एका ग्रीक भूगोलकाराने लिहून ठेवले आहे. त्यास अनुसरून मी राणीचा डावा डोळा मिटलेला दाखवला. समितीने मजकूर मंजूर केला, परंतु ‘अपंग राणी पाहून बालमनावर विपरीत परिणाम होईल’ असा शेरा मारून चित्रे परत पाठवली. मी समक्ष भेटून पुरावा दाखवला असता एक सन्माननीय सदस्य म्हणाले, “अहो बाई, शत्रूच्या माणसानं लिहिलेलं आपण कशाला छापायचं?” मी नमते घेऊन मंदिराच्या भिंतींवर असतात तशी बाजूने पाहिलेली चित्रे नव्याने काढली, जेणेकरून एकच डोळा दिसावा. त्यावर, दुसऱ्या बाजूस डोळा आहे की नाही याविषयी वाचकाच्या मनात शंका राहते, असे मला कळवण्यात आले. शेवटी आपल्या कार्यालयाच्या चित्रकाराने माझ्याच मूळ चित्रांवर दुसरा डोळा रंगवला. तो पहिल्यापेक्षा मोठा झाला आहे. तीही गोष्ट मी गिळली असती.

परंतु महोदय, त्या चेहऱ्यासाठी माझ्यासमोर जी बसली, ती याच वर्गातील तोमा अब्बकर. शेळ्यांसाठी बाभळीच्या फांद्या ओढताना लहानपणी काटा लागून तिचा डावा डोळा गेला. तिची आई बतूल बसथांब्यावर चहा विकते. मुली तोमाला ‘काणी’ म्हणत, म्हणून ती ओढणी अर्ध्या तोंडावर घेऊन सर्वांत मागे बसायची आणि निम्मे दिवस यायचीच नाही. चित्रासाठी बसली तेव्हा तिने मला विचारले होते, “बाई, राणीला कुणी काणी म्हणायचं का हो?”

मी म्हटले, “तोंडावर नाही. पाठीमागे रोमन म्हणत असतील.”

“मग ती काय करायची?”

“लढायला जायची.”

त्या दिवशी तिने ओढणी आपणहून मागे सारली. मूळ चित्रांच्या प्रती वर्गात लावल्यावर मुली तिला ‘कंदाका’ म्हणू लागल्या. आधी चेष्टेने, मग सवयीने. ती रोज येऊ लागली, पहिल्या बाकावर बसू लागली.

गेल्या आठवड्यात निरीक्षकसाहेब दुरुस्त केलेले चित्र घेऊन वर्गात आले व म्हणाले, “मुलींनो, ही खरी राणी. आधीचं चित्र चुकलेलं होतं.” तोमा उभी राहिली. ती स्पष्ट म्हणाली, “साहेब, हा डोळा कुठून आणलात? मलाही एक हवाय.” मुली हसल्या. साहेबांना तो आपला अपमान वाटला व त्यांनी तिला तिथल्या तिथे शाळेबाहेर काढले. मला व्हरांड्यात नेऊन ते म्हणाले, “तुम्ही दोन डोळ्यांच्या चित्रांवर संमतीची सही करा, मी पोरीचं मिटवतो. नाहीतर ती घरी बसली म्हणून समजा.”

मी सही करण्याचे ठरवले होते, हे आपणास स्पष्ट सांगते. कागद घेऊन मी तोमाच्या घरी गेले. बतूल म्हणाली, “करून टाका, बाई. राणी मेली दोन हजार वर्षांमागं. माझी पोर जिवंत आहे.” मी लेखणी उघडली. तोमा चुलीपाशी ज्वारीची पातळ भाकरी, किसरा, भाजत होती. ओढणी पुन्हा तोंडावर आली होती. माझ्याकडे न बघता ती म्हणाली, “सही केलीत तर मी शाळेत येईन, बाई. पण चित्रकलेच्या तासाला बसणार नाही.” बतूलने लेकीकडे पाहिले. मग तिनेच माझ्या हातातून कागद काढून घेतला, घडी घालून परत दिला आणि म्हणाली, “राहू द्या. उद्या मी आणते हिला.”

त्याप्रमाणे आज सकाळी बतूल लेकीस घेऊन आली व चहाची शेगडी शाळेच्या फाटकातच मांडून बसली. निरीक्षकसाहेबांची गाडी आली तेव्हा ती म्हणाली, “आधी चहा घ्या, साहेब. मग माझ्या पोरीला उठवा.” साहेबांनी चहा घेतला नाही. ते वर्गात आले व तोमास बाहेर ये म्हणाले. ती अदबीने उभी राहिली, पण जागची हलली नाही. ते मला म्हणाले, “बाई, काढा हिला.” माझ्याने ते होणार नाही, असे मी सांगितले. त्यांनी मुख्याध्यापिका हाज्जा जवाहिर यांना बोलावले. त्या आजवर कोणत्याही साहेबास नाही म्हणाल्याचे कोणी ऐकलेले नाही. त्या म्हणाल्या, “लेखी आदेश द्या. तोंडी निरोपावर मी मुलगी उठवत नाही.”

असा लेखी आदेश आपल्या सहीने आणण्यासाठी साहेब आता आपल्याकडे निघत आहेत. त्यांच्याच चालकाच्या हाती मी हा अर्ज देत आहे, म्हणजे दोन्ही कागद एकाच वेळी आपल्या टेबलावर येतील. कोणत्यावर सही करायची, ते आपण ठरवावे. तोमाने बाकाची कड दोन्ही हातांनी धरून ठेवली आहे.

माझी प्रार्थना एवढीच की, जी शिक्षा द्यायची ती मला द्यावी. दोन डोळ्यांची राणी छापायची असल्यास माझे नाव काढून छापावी. संमतीपत्र सहीविना परत पाठवत आहे. मूळ चित्रे आपण नष्ट केलीत तरी माझी हरकत नाही. मी ती पुन्हा काढीन. जिच्यावरून काढायची ती माझ्यासमोर पहिल्या बाकावर बसली आहे.

आपल्या उत्तराची वाट वर्गातच पाहत असलेली,
आपली नम्र,
सित्तना अल-खिदिर
चित्रकला शिक्षिका

हिल्लत अल-सुंत, रविवार, २३ नोव्हेंबर २०१४

सोबत: संमतीपत्र (सही न केलेले).