बंद मागाची खटखट, वय वर्षे आठ ते बारा

३ मे
वाचनालयाच्या सबा मॅडमनी सुट्टीतल्या मुलांसाठी पुस्तकांची शिफारस करायला मलाच सांगितलं. योग्य माणूस निवडला. १८ तारखेला मुलांसमोर बोलायचं आहे. पहिलं पुस्तक, ‘बंद मागाची खटखट’. भयकथा. वय आठ ते बारा. माझं सत्तेचाळीस. चहापर्यंत संपेल.
श्रावणीनं (माझी मुलगी, वय दहा) मैत्रिणींना सांगून ठेवलंय की आमचे बाबा कशालाच घाबरत नाहीत. खरं आहे ते.

४ मे
नऊ पानं झाली. लाईट जाते, कारखान्यातले सगळे माग थांबतात आणि एकच माग आपोआप चालत राहतो. भाषा बरी. ऊन फार असल्यामुळे पुस्तक मिटलं. दिवा चालू ठेवून झोपणार, डासांसाठी.

६ मे
बायको यशोदा माहेरी चालली, केमला. सोडायला येतो म्हटलं. ती म्हणाली, श्रावणीचं वाचन चालू आहे, ती कुणाजवळ राहील? म्हटलं, तिलाही घेऊ. मग घरी कोण, म्हणाली. मी म्हटलं, कुणी कशाला हवं? हसत हसत गाडीत बसली.

७ मे
आमच्या घराच्या दोन्ही बाजूंना यंत्रमाग. इतकी वर्षं त्या खडखडाटाला शिव्या दिल्या. हल्ली वाटतं, प्रकृतीला चांगला आहे तो आवाज.
दुपारी लाईट गेली. सगळे माग एकदम बंद. रस्त्यावर कुत्रंसुद्धा नाही. मी छत्री घेऊन सात रस्त्याच्या चौकात जाऊन उभा राहिलो. तिथे हॉर्न वाजत असतात. घरी आल्यावर श्रावणीनं विचारलं, कुठे होतात? भाजी आणायला, म्हटलं. पिशवी घरीच होती.

९ मे
पुस्तक स्कूटरच्या डिकीत ठेवलं. घरात धूळ फार.

१० मे
ऑफिसला रिक्षानं गेलो. स्कूटरलाही विश्रांती हवी.

११ मे
श्रावणीनं डिकीतून काढून ते पुस्तक एका दुपारीत संपवलं. भाकरी आणि शेंगाचटणी खात खात! शेवट लई भारी आहे, सांगू का, म्हणाली. नको म्हटलं, मी समीक्षकाच्या नजरेनं वाचतोय. ती माझ्याकडे बघत राहिली.
ही वही कुणी वाचत नाही म्हणून लिहितो. मला मागाची भीती नाही. श्रावणीला कळेल, याची वाटते. ती पाळण्यात होती तेव्हापासून घरातल्या पाली मीच हाकलतो. झाडूनं, लांबून, पण मीच.
उद्यापासून रोज पन्नास पानं.

१४ मे
दुपारी लाईट गेली. माग थांबले. आणि समोरच्या सावित्रम्माच्या घरातून खट... खट... एकच माग. तिचा नवरा रुद्रप्पा वारल्यापासून तो हातमाग बंद आहे. सगळ्या गल्लीला माहीत आहे.
पुढचं नीट आठवत नाही. रिक्षात होतो. सात रस्त्याला उतरल्यावर लक्षात आलं की पायात चप्पल नाही आणि श्रावणी मागेच राहिली.
हे वाक्य खोडणार होतो. राहू दे.
त्याच रिक्षानं परत. रिक्षावाल्याला चार वेळा म्हटलं, जोरात घ्या. इतका मी आयुष्यात कधी घाबरलो नाही, आणि या वेळी मागाचा विचारही मनात नव्हता. तिच्या दारात सावित्रम्मा उभी.
“काय करलालाव सर, बिनचप्पल? पोरी आत बसल्यात की. पुस्तक वाचून माग बघाय आल्यात. आमच्या हातमागाला लाईट कशाला लागतंय?”
आत श्रावणी मागावर बसून पायांनी फळ्या दाबत होती. लाईट कुठेकुठे गेली ते बघायला गेलो होतो, असं मी सांगितलं. तिनं माझ्या पायांकडे बघितलं. तळव्यांना फोड आलेत. डांबराचा दर्जा खराब.

१७ मे
भाषण तयार. विषय, ‘निर्भय वाचक’. पुस्तक उद्या सकाळी लवकर उठून संपवायचं.

१८ मे
उठायला उशीर झाला.
भाषण छान चाललं होतं. मग पुढच्या रांगेतल्या एका चिमुरडीनं विचारलं, काका, तुम्हाला भीती वाटली का? सबा मॅडम बघतायत, सगळी मुलं बघतायत. तेवढ्यात श्रावणी उठली.
“बाबांना नाही वाटत भीती,” ती म्हणाली. “ते वाचतात तेव्हा मी शेजारी बसते.”
टाळ्या पडल्या. मी खाली बसलो. ती कधीच शेजारी बसली नव्हती. तिला सगळं ठाऊक आहे.
घरी आल्यावर तिनं पुस्तक आणलं, दहावं पान उघडून माझ्यापुढे ठेवलं आणि खरोखरच शेजारी बसली. माझा हात धरला. दहावं पान वाचून झालं. तसं अवघड नाही. अकराव्याच्या मध्यावर ती पाणी प्यायला उठली.
मीही उठलो. मलाही तहान लागली होती.